चित्रावरची राख

ते चित्र मी ओल्या फडक्यानं पुसलं. हे आधीच सांगून टाकते, कारण ते मनात धरून बाकीचं सांगायला गेले की माझी जीभ अडखळते.

औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत फ्रेमचं दुकान आहे, तिथं मी नऊ वर्षांपासून कामाला आहे. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, वारलेल्यांचे फोटो, पोरांची प्रशस्तिपत्रं, आणि कधीमधी एखादं हातानं काढलेलं खरं चित्र. मालकांना अख्खी गल्ली चाचा म्हणते, मीही म्हणते. नवऱ्याला वाळूजच्या कंपनीत काम लागलं म्हणून मी या शहरात आले, विदर्भाच्या पार त्या टोकाहून. सातवी शिकलेली. आठवीची शाळा कोळशाच्या रस्त्यापलीकडं होती आणि ट्रकांची रांग काही तुटायची नाही; एका पोरीचा पाय गेला, तेव्हापासून आमच्या आळीतल्या पोरींच्या शाळा बंद झाल्या. या दुकानात मी सासऱ्यांचा फोटो फ्रेम करून घ्यायला आले होते. चाचा काच कागदात गुंडाळत होते. मी भीत भीत म्हटलं, "कोपरा उघडा राहिला, कुणाला लागेल." त्यांनी वर बघितलं. "नजर अच्छी है तेरी. काम करती क्या?"

एवढ्यावर मला काम मिळालं. हिऱ्याच्या कटरनं काच कशी कापायची, पट्टीचे कोपरे कसे जुळवायचे, सगळं त्यांनी शिकवलं. सुरुवातीला माझ्या हातून किती काचा फुटल्या, पण त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. तरी रोज सकाळी शटर वर जाताना मला वाटायचं, आज नको म्हणतील. अजूनही वाटतं. म्हणून जे झालं ते त्यांच्या दुकानात झालं, याचा घाव जास्त.

आता फडक्याचं सांगते. आमचं गाव औष्णिक वीज केंद्राच्या भिंतीला लागून आहे. काही राख चिमण्यांतून वर जाते. बाकीची पाण्यात कालवून पाइपानं गावामागच्या तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात ते तळं वाळतं आणि वाऱ्यावर उठून गावात येतं. उठलं की आधी ओलं फडकं घ्यायचं. माठावरची ताटली, खाटेची दांडी, झोळीतल्या पोराचं कपाळ पुसायचं, मग चूल पेटवायची. पाहुण्याला पाणी देण्याआधी पेल्याची कड पदरानं पुसायची ही आमच्याकडची रीत. न पुसता दिला तर पाहुणा मनात धरतो. इथं मी चाचांचा चहाचा कपही तसाच पुसते. "अगे, चाय देती की नजर उतारती?" असं ते विचारायचे आणि शेजारचा झेरॉक्सवाला हसायचा. इतकी वर्षं झाली, पण कशावर राखाडी थर दिसला की माझा हात फडक्याकडं जातो. मला विचारून जात नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता. मी काच आणायला गेले होते. परत आले तर चाचा टोपी घालून नमाजाला निघालेले आणि भिंतीला टेकून चादरीत गुंडाळलेलं एक मोठं चित्र. "पुंडलिकनगरवाले बाई का है," ते चप्पल घालता घालता म्हणाले. "आ के बताता."

बाई मला माहीत होत्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांचं प्रदर्शन होतं आणि त्यासाठी चार चित्रं आम्ही आधीच फ्रेम करून दिली होती. चारही निसर्गचित्रं, पण प्रत्येकात वीज. एकात पिशोरच्या बाजूचा चराईचा माळ, त्यावर निळ्याकाळ्या सौर प्लेटांच्या रांगा आणि दोन रांगांच्या फटीत उभी एक शेळी. एकात अजिंठ्याच्या रस्त्यावर डोंगर चढून गेलेले तारांचे मनोरे. एकात धरण, एकात टेकडीवरच्या पवनचक्क्या. पट्टी ठोकताना मला वाटलं होतं, इतक्या चांगल्या हातानं तारा आणि खांब कशाला काढावेत? पाचवं, सगळ्यांत मोठं चित्र राहिलं होतं. ते हे.

मी चादर काढली आणि मटकन खाली बसले.

माझं गाव होतं.

दोन चिमण्या. तळ्याचा बांध. बांधाच्या अलीकडं बाभळी, कोळशाच्या रस्त्याचं वळण, शाळेच्या कौलांचा तांबूस तुकडा. आमची आळी. आळीतलं तिसरं घर, ज्याच्या पत्र्याला एका कोपऱ्यात ठिगळ आहे. ते ठिगळसुद्धा होतं! चारशे-पाचशे किलोमीटरवरच्या दुकानात माझ्या आईचं घर भिंतीला टेकून उभं होतं. माझ्या गावाचा साधा फोटोही मी कधी बघितला नव्हता. कोण काढणार आमच्या गावाचा फोटो? मला आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. कुणी झोपेत असताना आपल्याला बघून गेलं आणि ते नंतर कळलं, तर कसं होईल, तसं झालं.

आणि सगळ्या गावावर धूळ होती, राखाडी. रस्त्यानं येताना बसली असणार असं मी धरून चालले. काचेखाली घालण्याआधी चित्राची धूळ काढणं हे माझंच काम. जाड रंगाचं चित्र असलं तर आम्ही फडकं ओलं करून, पिळून, हलक्या हातानं फिरवतो. त्याआधी चित्र उलटं करून मागं काही सूचना चिकटवली आहे का ते बघायचं असतं. चाचांनी शिकवलेली ती पहिली गोष्ट. नऊ वर्षांत मी ती एकदाही विसरले नव्हते.

मी आधी आमचं घर पुसलं. मग शेजारचं. मग आळीच्या टोकाचा लिंब, मग अर्धा रस्ता.

लिंब हिरवागार निघाला. पुसलेल्या पट्ट्यात पानन् पान दिसायला लागलं आणि माझा हात थांबला. असला हिरवा लिंब मी आमच्या गावात कधी बघितला नव्हता. लिंबाचा रंग राखाडी-पोपटी असतो असंच मला मोठी होईपर्यंत वाटायचं. फडक्याकडं बघितलं. चिमटीत धरून चोळलं. पावडरीसारखं मऊ, आणि बोटांवर बारीक चमक. ही इथल्या गुलमंडीच्या बाजारातली धूळ नव्हे. ही माझी बोटं ओळखतात.

तेव्हा कुठं चित्र उलटं केलं. मागं चिठ्ठी होती, स्वच्छ मराठीत, मोठ्या अक्षरात: 'चित्रावर खरी राख बसवली आहे. हात लावू नये. काच अंतर ठेवून बसवावी.'

चाचा परतले तेव्हा मी फडकं हातात धरून तशीच बसले होते. त्यांनी चित्र बघितलं, चिठ्ठी बघितली, आणि स्टुलावर बसले. "या अल्ला," एवढंच म्हणाले. मग, "गलती मेरी है. बोल के जाना होना था."

"नाही चाचा, मी चिठ्ठी बघितली नाही."

"सुन. बाई कल आती. मैं बोलता मेरे हात से हुआ. बुड्ढा आदमी, चष्मा नै लगाया. मेरे कू कौन क्या बोलता?"

या माणसाचे उपकार कुठं फेडायचे, हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

शनिवारी बाई आल्या. उंच, सुती साडी, गुडघ्यामुळं काठी. चित्रासमोर उभ्या राहिल्या. काठीवरची पकड त्यांनी दोनदा बदलली.

"कुणी केलं?"

"बाईसाब, वो मैं..." चाचांनी सुरू केलं.

"मी केलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

रागावल्या की बाई माहेरच्या, पिशोरच्या बोलीत जातात. "डोळे नाय का तुला? चिठ्ठी लावली व्हती ना मी! दोन वर्षं गेली गं या चित्रात. एकेक पान काढलं, एकेक कौल काढलं, आन् मग त्यावर डिंकाचं पाणी मारून राख बसवली. लई सोपं वाटलं व्हय तुला, फडकं घेतलं आन् पुसलं?"

माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "झाकायचंच होतं तर एवढं काढलं कशाला?"

चाचांनी डोळे मिटून घेतले. बाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"खाली काय हाय ते मला माहीत पाहिजे का नको?" त्या म्हणाल्या, जरा खालच्या आवाजात. "तू कुठली?"

मी बोट पुढं केलं. चित्राला लावलं नाही, वीतभर अंतर ठेवून दाखवलं. "हे तिसरं घर. पत्र्याला ठिगळ आहे ना, ते. आई असते तिथं."

आता हादरायची पाळी त्यांची होती. त्यांनी चाचांचं स्टूल ओढलं आणि बसल्या. मला म्हणाल्या, तूही बस. त्यांचा भाऊ तिथल्या वीज केंद्रात इंजिनीअर होता, कॉलनीत राहायचा. त्या सुट्टीत जायच्या आणि क्वार्टरच्या गच्चीवर बसून चित्रं काढायच्या. ती गच्ची मला माहीत होती, खालून. तिच्यावर कुंड्या होत्या आणि रोज संध्याकाळी कुणीतरी त्या कुंड्यांतल्या झाडांची पानं नळीनं धुवायचं. आम्ही पोरी भिंतीपाशी उभ्या राहून ते पाणी बघायचो. भिंतीवरून खाली येईपर्यंत ते राखाडी झालेलं असायचं. त्याच गच्चीवरून कुणी आमच्याकडंही बघत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"भावाच्या पगारावर माझी कॉलेजची दोन वर्षं झाली," बाई म्हणाल्या. दुकानातल्या ट्यूबलाइटकडं बघून पुढं म्हणाल्या, "ही वीज कुठली म्हणतेस? सगळ्या तारा एकमेकींत गुंतल्यात. तुझ्या गावची इथं जळत नाय, असं कोण सांगणार?"

मी वर बघितलं. आमच्याकडं रोज संध्याकाळी दिवे जायचे. चिमण्यांवरचे लाल दिवे तेवढे चालू. नऊ वर्षं मी या ट्यूबखाली काच कापत होते.

पण चित्राचं काय? बाईंनी राख स्वतः आणली होती, भाऊ निवृत्त व्हायच्या आधी, एक पिशवीभर. ती संपली. गुडघ्यांनी आता एवढा प्रवास होत नाही. पुढच्या रविवारी प्रदर्शन, आणि मधल्या भिंतीवर हेच चित्र. "हे नसलं तर बाकीच्या चार चित्रांना काय अर्थ? शेळी आन् डोंगर म्हणून लोक बघून जातील," त्या म्हणाल्या. उठताना चाचांना म्हणाल्या, "तुमच्याबद्दल माझं काय नाय. पण हे सुधारलं नाय तर पुढचं काम मी इथं देऊ शकणार नाय. हिच्या हातात तर नायच."

त्या गेल्यावर चाचा बाहेर पडले आणि पंधरा मिनिटांनी वर्तमानपत्राची पुडी घेऊन आले. कोपऱ्यावरच्या नानच्या भट्टीतली राख. "ले. राख तो राख है."

मी चिमटीत घेतली. पांढुरकी, हलकी, मध्ये कोळशाचे काळे कण. "चाचा, ही रोटीची राख आहे."

"तो?"

"ती उडून जाते. ती धरून बसत नाही."

"तू तो ऐसे बोलती जैसे राख की डाक्टर," ते म्हणाले. पण पुडी त्यांनी मुकाट्यानं परत नेली.

मी आईला फोन लावला.

"राख? काहून वं?" आई म्हणाली. "येडी झाली का तू? इथं आमी झाडून झाडून मरून राहिलो अन् तू तिथून राख मागवून राहिली?"

मी सगळं सांगितलं. चित्र म्हणजे काय, प्रदर्शन म्हणजे काय. तिला एवढंच समजलं की माझी नोकरी जाऊन राहिली. मग ती गंभीर झाली. अंगणात चादर पसरते म्हणाली. पण राख पहिल्यासारखी पडत नाही आता. "चिमण्या उंच केल्या ना त्यायनं. आता आपल्या डोक्यावरून जाते. पल्याडच्या गावावर पडते." हे ती असं म्हणाली की जणू पल्याडच्या गावात तिचं कुणी नाही. माझी मोठी बहीण तिथं दिलेली आहे.

शेवटी ती तळ्याकडं गेली आणि बांधावरून भरून आणली. एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडं दिली. मी बुधवारी सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर गेले. बस लागली. कंडक्टर उतरला नाही. मला खिडकीतून बघून त्यानं खूण केली, वर या. त्याच्या सीटवर, खाली नव्हे, सीटवर, पांढऱ्या कपड्यात बांधलेली एक बरणी होती आणि गाठीत झेंडूचं फूल खोचलेलं. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलून माझ्या ओंजळीत दिली.

"कोण गेलं ताई?"

मला कळेना. मग कळलं.

बरणीचं तोंड नीट बंद राहावं म्हणून आईनं ती धोतराच्या फडक्यात बांधली होती, आणि विचारल्यावर खरं तेच सांगितलं होतं: राख आहे, पोरीला द्यायची आहे. फूल त्या माणसानंच वाटेत घेतलं होतं. अख्खा रस्ता त्यानं बरणी खाली ठेवू दिली नव्हती.

"कुणी नाही गेलं दादा," मी म्हटलं.

दुःखानं माणूस असंच बोलतो, असं त्याच्या तोंडावर आलं. "पैठणला नेणार ना? तिकडच्या फलाटावरून बस आहे." चहाला म्हणून मी नोट पुढं केली तर त्यानं हात मागं घेतला. "असल्या कामाचे घेत नाही."

रिक्षात बरणी मांडीवर धरून बसले. फूल काढून टाकायचा धीर झाला नाही.

चाचांनी फोन करून बोलावल्यावर बाई दुपारी आल्या, डिंकाचं पाणी आणि चहाची गाळणी घेऊन. चित्र टेबलावर आडवं ठेवलं. पुसलेल्या भागावर त्यांनी ब्रशनं पाणी फिरवलं आणि गाळणीतून राख पाडायला सुरुवात केली. लिंबावर, रस्त्यावर, सगळीकडं सारखी. हात सफाईदार होता. मी बाजूला उभी होते आणि मला बघवेना.

"बाई, ती अशी पडत नाही."

"मग कशी पडते?"

मी सांगितलं. ती बांधाच्या बाजूनं येते. म्हणून लिंबाची ती बाजू जाड आणि आळीकडची पातळ. पत्र्याच्या नळ्यांमध्ये साचते, उंचवट्यावर टिकत नाही. वळचणीखाली पडतच नाही, तिथं जमीन काळी राहते. रस्त्यावर मधोमध नसते, ट्रक उडवतात, कडांना ढीग होतो. आणि दारापुढं नेहमी एक अर्धगोल स्वच्छ असतो, जेवढा हात बाहेर काढून झाडता येतो तेवढा.

बाई ऐकत राहिल्या. "गच्चीवरून हे दिसायचं नाय," त्या म्हणाल्या. आणि गाळणी माझ्या हातात दिली.

लिंब मी केला. जमला. त्या निव्वळ "हां, हां" म्हणत होत्या. रस्ता केला. शेजारचं घर केलं. मग आमचं घर आलं आणि माझा हात वरच्यावर राहिला. तिथं पत्रा लख्ख होता. ठिगळ, भिंतीचा गेरू, अंगण, सगळं मी पुसलेलं होतं तसं. लहानपणापासून हजार वेळा मी ते घर पुसलं असेल. इतकं स्वच्छ ते कधी राहिलं नव्हतं, अर्धा तासही नाही. आता पाच दिवस राहिलं होतं.

चाचा काउंटरवरून उठून आले. "क्या हुआ?"

"राहू दे तेवढं," बाई हळू म्हणाल्या. "एक घर राहिलं म्हणून काय बिघडत नाय."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. माझ्या मनातही तेच होतं. पण आईनं सत्तरीत बांध चढून ती बरणी भरली होती. आणि उद्या कुणी त्या चित्रासमोर उभं राहील आणि म्हणेल, बघा, त्या एका घरावर पडत नाही.

"नाही बाई. खोटं होईल."

गाळणी हलवली. पत्रा बुजला. ठिगळ बुजलं. माझा हात स्थिर होता, याचाच मला धक्का बसला. बाई गुडघ्याचं विसरून वाकून बघत होत्या आणि त्यांचा एक हात माझ्या पाठीवर होता. चाचा दुसरीकडं बघत होते.

डिंक वाळल्यावर शुक्रवारी आम्ही काच बसवली, अर्ध्या इंचाची पट्टी मध्ये घालून. काच मी कापली. बाईंनी चित्र उभं करायला लावलं, काठी टेकवून लांबून बघितलं, जवळून बघितलं. पावती घेताना चाचांना म्हणाल्या, "पुढचीही इथंच. आन् हिच्याच हातात." चाचांनी माझ्याकडं न बघता पावतीवर काहीतरी लिहिण्याचं सोंग केलं. मी पाणी प्यायला मागं गेले.

टेम्पो यायला वेळ होता. तेवढ्यात आईचा फोन आला.

"लागली का कामाला राख?"

"लागली."

"गेली नाही ना नोकरी?"

"नाही गेली."

"अन् केलं काय तिचं येवढीचं?"

"घरावर टाकली, माय. आपल्या."



"तूनं टाकली?" आई म्हणाली. "तुया हातानं?"

"हो."

फोनमध्ये नुसता वारा. आई कधी गप्प राहत नाही; भांडण असो, मयत असो, ती बोलत असते. मी माफी मागायला तोंड उघडलं. पण ती आधीच काहीतरी हिशेब करत होती, तिच्या पद्धतीचा.

"दार लोटलेलं आहे ना पण चित्रात? नाही तं घरात येते ते राख."

मी काचेजवळ गेले. गच्चीवरून काढलेलं चित्र. दार म्हणजे ब्रशचा एक तपकिरी फटकारा, नखाएवढा. उघडं की लोटलेलं, ते त्यात कळायला मार्गच नव्हता.

"लोटलेलं आहे, माय," मी म्हटलं.